शेवटचं चालू यंत्र

"अजून कुठलं चालू हाय रे?" दस्तगीरमामांनी शेडच्या मधोमध उभं राहून विचारलं.

कोणाचंच चालू नव्हतं. खंडेनवमीची दुपार होती. साळुंखे पंप्सचे सगळे लेथ, ड्रिल, ग्राइंडर आणि मागच्या अंगणातला कॉम्प्रेसरसुद्धा एकेक करून थांबवून झाले होते. यंत्रं रॉकेलनं पुसून लख्ख केलेली, वर झेंडूच्या माळा. माणसं धुतलेले कपडे घालून ओळीनं उभी होती, गुरुजी पाटावर बसून पंचांग चाळत होते, आणि त्या शांततेत कुठूनतरी एक बारीक घूं घूं येत होती.

वर्षभर लेथच्या खडखडाटात जो आवाज कोणाच्या कानावर पडला नव्हता, तो त्या दिवशी अख्ख्या कारखान्यानं ऐकला. हळूहळू सगळ्यांच्या माना ऑफिसच्या काचेच्या केबिनकडे वळल्या. केबिनच्या दारात मी उभी होते, नवीकोरी साडी सावरत.

"कोष्टीबाई," मामा म्हणाले, "तुमचं बाळ जागं हाय अजून. झोपवा की त्याला."

सगळे हसले. मीही हसले.

मी विट्याची. कॉम्प्युटरचा कोर्स करून कुपवाडच्या एमआयडीसीत सहा महिन्यांच्या बोलीवर लागले होते. मालक आण्णा साळुंखे यांनी हौसेनं पुण्याहून एक सर्व्हर आणला होता आणि हिशेब, स्टोअर, ड्रॉइंग इथले कॉम्प्युटर त्याला जोडले होते. सगळ्यांच्या फाइली त्या एकट्याच्या पोटात. मला नेमलं होतं ते नुसतं टायपिंगला. सर्व्हरला हात लावायची मला बंदी होती. बंदी घातली होती हिशेबनीस वाटव्यांनी, आणि तशी चिठ्ठीच त्यांनी सर्व्हरच्या कपाळावर चिकटवली होती: 'हात लावू नये.'

वाटव्यांचंही अगदीच चुकत होतं असं नाही. श्रावणात कोणीतरी टेबलफॅन लावायला जागा सापडेना म्हणून सर्व्हरचाच प्लग काढला होता. त्या झटक्यात अर्ध्या लिहिलेल्या फाइली तशाच राहिल्या, नेटवर्कचं सॉफ्टवेअर काही केल्या उठेना, आणि पुण्याचा इंजिनियर येईपर्यंत सगळं ऑफिस हातावर हात धरून बसलं. इंजिनियरनं ते कसं सुरू केलं ते मी त्याच्या खांद्यावरून बघून घेतलं. बंद कसं करायचं म्हणून विचारलं तर तो म्हणाला, "बंद कशाला करायचं? चालू राहू दे ना." मग ते मी जेवणाच्या सुट्टीत जाडजूड पुस्तकातून वाचून काढलं. वाचलं होतं, केलं मात्र एकदाही नव्हतं.

"आण्णासाहेब, सर्व्हर बंद करणं धोक्याचं आहे," वाटवे पुढे होत म्हणाले. "तो चालू असतानाच लांबून दोन अक्षता टाकू या. त्याला काय कळतंय?"

"चालत्या यंत्राला हळदकुंकू लागत न्हाई," मामा म्हणाले. "आमच्या शेडात न्हाई लागत."

दस्तगीर मुल्लाणी म्हणजे कारखान्याचे हेडमिस्त्री. आण्णांनी पहिला लेथ आणला तेव्हापासून त्यांच्याबरोबर होते आणि खंडेनवमीचा थाट दरवर्षी त्यांच्याच देखरेखीखाली व्हायचा. त्यांची शिस्त कडक. नवा पोरगा लेथवर आला की पहिला महिना त्यानं यंत्र फक्त थांबवायचं. सुरू करणार मामा. जेवणाच्या सुट्टीत पत्ते कुटणाऱ्या पोरांचा अख्खा कॅट त्यांनी एकदा भट्टीत टाकला होता. त्यांच्या शब्दाबाहेर आण्णासुद्धा जायचे नाहीत.

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "काय गं हेमा, बंद हुतंय?"

"होतंय की."

"आणि उद्या पुन्हा सुरू?"

"होईल."

"नाही झालं तर?" वाटव्यांनी विचारलं. "दिवाळीचा माल जायचाय. पुन्हा पुण्याच्या वाऱ्या करायच्या?"

आण्णांनी जरा विचार केला. दसऱ्याला नव्या माणसांचा निकाल लावायची त्यांची पद्धत होती. कोण कायम, कोण घरी, हे तेव्हाच ठरायचं. "बंद कर," ते म्हणाले. "बंद करणं, सुरू करणं दोन्ही नीट झालं, तर उद्यापासून सर्व्हर तुझ्या ताब्यात आणि तू कायम. न्हाई झालं तर मग वाटवे म्हणतील तसं."

वाटवे काय म्हणणार होते ते सांगायला ज्योतिषी नको होता. मला ती नोकरी हवी होती. विट्याला परत जाऊन काकाच्या दुकानात पावत्या फाडत बसायची कल्पनासुद्धा नको वाटत होती. आणि खरं सांगायचं तर त्या घूं घूं करणाऱ्या पेटीवर माझा जीव जडला होता.

मी केबिनमध्ये जाऊन बसले. बंद करायची रीत सोपी होती. आधी नेटवर्कवरच्या सगळ्यांना बाहेर काढायचं. मग सगळ्या फाइली मिटल्यात का ते बघायचं. मग नेटवर्कच्या सॉफ्टवेअरला खाली यायचा हुकूम द्यायचा, आणि आता बंद करायला हरकत नाही असं ते स्वतः म्हणालं की मगच बटणाला हात. मधली एक पायरी गाळली की पुन्हा श्रावण.

आत कोण कोण आहे ते मी बघितलं. हिशेब बाहेर. ड्रॉइंग बाहेर. स्टोअर आत.

पुन्हा बघितलं. स्टोअर आत, आणि एक फाईल उघडी.

"आत कोणीतरी आहे," मी म्हणाले.

वाटव्यांनी वाकून सर्व्हरच्या मागे बघितलं. "आत कुठं?"

"अहो, तसं नाही. स्टोअरच्या कॉम्प्युटरवरून कोणीतरी नेटवर्कवर आलंय आणि फाईल उघडी ठेवलीय."

"शक्यच नाही. स्टोअरचा कांबळे आठवडाभर रजेवर आहे. स्टोअरला कुलूप आहे."

ही बातमी शेडमध्ये पोहोचायला वेळ लागला नाही. "कांबळेचं भूत असंल!" मागून कोणीतरी ओरडलं आणि पुन्हा एकदा हशा पिकला. गुरुजींना मात्र हसू येत नव्हतं. त्यांना अजून दोन कारखाने उरकायचे होते.

"मुहूर्त चाललाय, यजमान," त्यांनी आण्णांना सांगितलं.

"अहो मग दाबा ना ते बटण!" वाटवे माझ्यावर खेकसले. मघाशी बंद करू नका म्हणणारा माणूस तो हाच. "एका फायलीनं काय होतंय?"

"श्रावणात एका प्लगनं काय झालं होतं?" मी विचारलं.

आण्णा मिशीतल्या मिशीत हसले, पण त्यांनीही घड्याळाकडे पाहिलं.

स्टोअरच्या माणसाला जबरदस्तीनं बाहेर ढकलायची सोय सर्व्हरमध्ये होती. पण ती फाईल कसली आहे ते मला माहीत नव्हतं. कांबळेनं दिवाळीच्या मालाचं काही अर्धवट लिहून ठेवलेलं असलं तर ते गेलं असतं, आणि माझ्या हातून पहिल्याच वेळी कोणाचं काम बुडावं हे मला पटत नव्हतं. म्हणून मी साधा उपाय केला. सर्व्हरवरून स्टोअरला निरोप पाठवला: कृपया काम आटोपून बाहेर यावे.

बंद स्टोअरच्या दाराआडून स्पष्ट आवाज आला. टूं.

शेडमधलं हसणं एकदम थांबलं. एकदोघांनी तर हात जोडले. मी पुन्हा निरोप पाठवला. पुन्हा टूं.

"किल्ली कोणाकडं हाय?" आण्णांनी विचारलं.

"माझ्याकडं," दस्तगीरमामा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "कांबळे देऊन गेलाय. मी बघतो. कोण येऊ नका."

ते आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. आम्ही सगळे त्या दाराकडे बघत उभे. उदबत्त्या जळून गेल्या, दुसऱ्या लावल्या. गुरुजींनी पंचांग मिटून पिशवीत घातलं. मी अधूनमधून निरोप पाठवून पाहत होते आणि दर वेळी आतून टूं येत होतं, म्हणजे नेटवर्कवर आलेला माणूस बाहेर यायला तयार नव्हता. शेवटी दार चार बोटं उघडलं.

"बाई, जरा इकडं या," मामांनी फटीतून हाक मारली. "एकट्याच या."

मी आत गेले. मामांनी माझ्या पाठीमागं कडी लावली. समोर कॉम्प्युटर होता आणि पडद्यावर रंगीबेरंगी विटांची एक अर्धवट भिंत. वरून विटा पडतात आणि आपण त्या खाली बसवत जायच्या, असा तो खेळ. काही वेळ कोणी बटण दाबलं नाही की खेळ जिथल्या तिथं थांबायचा, तशी एक लांबडी वीट मधेच अधांतरी थांबली होती.

मी विटेकडे बघितलं, मग मामांकडे. कारखान्यातल्या पोरांना उभं कापणारा तो माणूस कपाळावरचा घाम टोपीनं पुसत होता.

"कांबळेनं माल बघायला शिकवलं मला," ते हळू आवाजात म्हणाले. "त्याच यादीत खाली हे हुतं. चुकून दाबलं एकदा. मग काय..."

"मग?"

"मग रोज जेवणाच्या सुट्टीत."

मला हसू आवरेना. मी ओठ दाबून धरले. "आणि रोज बंद कसं करायचात, मामा?"

"हे बटण." त्यांनी पडद्याचं बटण दाखवलं. "काळं झालं म्हंजे मिटलं की."

म्हणजे आठवडाभर नुसता पडदा झोपत होता आणि खेळ मागे जागाच होता. मघापासून मामा ते एकच बटण दाबत बसले होते, बंद, चालू, बंद, चालू, आणि दर वेळी ती वीट तिथंच लोंबकळत होती.

"पोरी," मामा म्हणाले, आणि बाईची पोरी झाले ते मला जाणवलं, "सुरू करायला येतंय मला. थांबवायला न्हाई येत."

आता मात्र माझं हसू पळालं. एवढ्या मोठ्या माणसाचा चेहरा इतका लहान झालेला मी कधी पाहिला नव्हता. बाहेर सगळा कारखाना उभा होता, त्यात तो भट्टीत गेलेला कॅट ज्यांचा होता ती पोरंही होती.

"त्यात काय एवढं," मी म्हणाले. "हे दाबा. आता हे."

"थांब, थांब!" त्यांनी माझा हात धरला. "आकडा जाईल का?"

कोपऱ्यात एकोणीस हजार सहाशे दिसत होते. पहिलाच नंबर होता त्यांचा.

"नीट बंद केलं तर जात नाही. नाव लिहा म्हणतंय ते."

"नाव नगं."

"मग आकडा कोणाचा म्हणायचा?"

मामांनी बराच विचार केला आणि नावाच्या जागी नुसता एक ठिपका दिला. मग आम्ही दोघं पायरीपायरीनं बाहेर आलो. आधी खेळातून, मग यादीतून, मग नेटवर्कवरून. प्रत्येक पायरीला ते मान डोलवत होते.

"कुणाला सांगू नगंस," दाराची कडी काढताना ते म्हणाले.

"नाही सांगत."

बाहेर आलो तेव्हा गुरुजी निघून गेले होते. मुहूर्तही त्यांच्याबरोबर गेला होता. मी केबिनमध्ये धावले. आत कोणी नाही, फाइली मिटलेल्या. हुकूम दिला, सॉफ्टवेअर शहाण्यासारखं खाली आलं, बंद करायला हरकत नाही म्हणालं, आणि मी बटण दाबलं. पंखा मंदावत मंदावत थांबला. मग आण्णांनी स्वतःच नारळ फोडला आणि कशीबशी पूजा झाली. फुलं हिरमुसली होती आणि माणसंही. सर्व्हरला कुंकू लावताना कोणीतरी फ्लॉपीच्या फटीत बोट घालणार होतं, तेवढं मी वाचवलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. सगळे पुन्हा जमले. मामांनी लेथ सुरू करून दिले आणि लगेच थांबवले, कारण आण्णांना केबिनमधला कार्यक्रम शांततेत बघायचा होता. मी सर्व्हरचं बटण दाबलं. पंखा फिरला, अक्षरं सरकू लागली, मग नेटवर्कच्या सॉफ्टवेअरला उठायचा हुकूम दिला. ते एका ओळीवर येऊन थांबलं.

नुसतं थांबलं. माझ्या मागे वाटव्यांचा श्वास ऐकू येत होता. श्रावणात इथंच अडलं होतं हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी मनातल्या मनात विट्याच्या एसटीत बसलेसुद्धा. आणि मग ओळ पुढे सरकली, दुसरी आली, तिसरी आली, हिरवा दिवा लागला. हिशेबाच्या कॉम्प्युटरवर वाटव्यांची फाईल जिथल्या तिथं उघडली.

"सुरू झालं!" मी ओरडलेच. मला इतका आनंद झाला होता की वाटव्यांनासुद्धा सोनं म्हणून आपट्याचं पान द्यावंसं वाटलं.

"सुरू झालं खरं," वाटवे म्हणाले. "पण आण्णासाहेब, कालचं काय? एक बटण बंद करायला बाईंनी अख्खा कारखाना ताटकळत ठेवला. गुरुजी उठून गेले. आजवर कधी आपला मुहूर्त टळला होता का? बंद करणं नीट झालं तर, असं तुम्हीच म्हणाला होतात. हे नीट झालं?"

शेडमध्ये कुजबुज सुरू झाली. मुहूर्त टळल्याचं पुष्कळांना लागलं होतं. आण्णांचा चेहराही गंभीर झाला.

"हेमा, काल एवढा वेळ कशानं लागला?"

"एक फाईल उघडी राहिली होती."

"कोणाची?"

मी कीबोर्ड उगाच सरळ करून ठेवला.

"स्टोअरची ना?" वाटवे म्हणाले. "म्हणजे कांबळेची. येऊ दे त्याला रजेवरून, त्यालाही बघतो."

"कांबळेंची नव्हती," मी घाईनं म्हणाले.

"मग?"

"ते मला सांगता यायचं नाही."

"बघा!" वाटव्यांनी दोन्ही हात पसरले. "विचारलं तर सांगत नाही. अशा माणसाच्या हाती सगळा हिशेब द्यायचा?"

आण्णा माझ्याकडे बघत राहिले. मी खाली बघत होते. दिलेला शब्द मोडवत नव्हता आणि नोकरी तर डोळ्यांसमोर चालली होती. मला रडू फुटणार असं वाटलं आणि स्वतःचाच राग आला.

"ती फाईल माझी," मागून आवाज आला.

माणसं बाजूला झाली. दस्तगीरमामा पुढे आले. डोक्यावर नवी टोपी, हातात आपट्याची डहाळी.

"आत मी हुतो, आण्णा. खेळत हुतो. विटा पडत्यात तो खेळ. हप्ताभर खेळतोय. थांबवायचा कसा ते ठावं नव्हतं, म्हणून मुहूर्त गेला. पोरीनं मला बाहेर काढलं, आकडासुदीक जाऊ दिला न्हाई, आणि कुणाला बोलली न्हाई. काय बोल लावायचा तो मला लावा."

मामांनी मान खाली घातली नव्हती. कोपऱ्यातून एक पोरगा पुटपुटला, "आणि आमचा कॅट?" एकदोघं फिसकन हसले. ते हसू पसरलं असतं तर मामा दुसऱ्या दिवसापासून शेडमध्ये ताठ उभे राहू शकले नसते. मला ते कळत होतं, आणि माझ्यामुळे होतंय हेही.

आण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं सावकाश पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"किती झाले?" त्यांनी विचारलं.

"आं?"

"आकडा, आकडा. किती झाले?"

"एकोणीस हजार सहाशे," मामा म्हणाले.

"एवढेच? माझे पंचवीस हजार हायत."

क्षणभर कोणाला काही समजलंच नाही. मग जो हशा उठला त्यात मामांचं हसणं सगळ्यात मोठं होतं. पोरं टाळ्या पिटत होती, कोणीतरी आण्णांच्या नावानं शिट्टी वाजवली. "हेमा कायम," आण्णा त्या गोंगाटातच म्हणाले, "आणि वाटवे, ती चिठ्ठी काढा सर्व्हरवरची. चला, पेढे वाटा." आणि ते आपल्या केबिनकडे निघून गेले.

आण्णांच्या केबिनमध्येही एक कॉम्प्युटर होता. पुण्याच्या इंजिनियरनं त्याला केबल जोडायची ठेवली होती पुढच्या फेरीला, आणि ती फेरी काही झाली नव्हती. खेळ होता सर्व्हरवर, आणि तिथं त्या कॉम्प्युटरचं नाव मी एकदाही पाहिलं नव्हतं. खेळातल्या आकड्यांच्या यादीत सगळ्यात वर एक ठिपका होता, त्याच्यावर कोणीच नव्हतं.

पेढा खात मामा माझ्या टेबलाशी आले. इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज उतरवला.

"पोरी, तुला ह्या पेटीत सगळ्यांचं सगळं दिसतंय न्हवं?"

"दिसतं."

"मग खरं सांग. आण्णांचे खरंच पंचवीस हजार हायत?"

मी पडद्याकडे बघितलं, उगाच दोन बटणं दाबली.

"पंचवीसच्याही वर आहेत, मामा."

मामांनी पेढ्याचा उरलेला तुकडा तोंडात टाकला आणि समाधानानं मान हलवली.

"तरीच," ते म्हणाले. "मालक हाय त्यो."